पहिल्या खांद्याची चौकट

आमच्या गावच्या भैरवनाथाच्या देवळात मानकऱ्यांचा एक लाकडी फळा होता. त्याला वाळवी लागल्याची बाब यात्रा कमिटीच्या फाल्गुनातल्या बैठकीत निदर्शनास आणून देण्यात आली आणि तिची गंभीर दखल घेण्यात आली. वाळवीला औषध मारावे, अशी एक सूचना पुढे आली होती. ती फारच सोपी असल्यामुळे फेटाळण्यात आली. फळा काढून टाकावा आणि त्याऐवजी देवस्थानची वेबसाइट करावी, असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सोमाटणे फाट्यावरून आत वळलं की लागतं, एवढं पुरे. या गावच्या शाळेत मी नोकरीभर शिकवलं, म्हणून अजून सगळे मला बाई म्हणतात. ज्यांना पाढे शिकवले ते आता कमिटीवर आहेत. त्यामुळे कमिटीच्या हिशोबात काय चुकतं ते मला ऐकल्याबरोबर कळतं आणि त्यात थोडा वाटा माझाही असतो.

फळ्यावर आठ ओळी होत्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला मान आणि मग घराणं. पहिला खांदा, उजवा. नारळ. दिवटी. शिंग. चवरी. असं करत आठवा मान अब्दागिरीचा. चैत्रातल्या यात्रेच्या संध्याकाळी गुरव पायरीवर उभा राहून हेच मोठ्यानं पुकारायचा. मी नवी नवी नोकरीला लागले तेव्हा ओढ्यापलीकडे राहायची. गर्दीत जायला लाजायची. पण खोलीच्या दारात उभं राहून नुसत्या हाकेवरून मला कळायचं, आता दिवटी पेटली, आता खांदा लागला. डोळ्यांनी न बघता पाहिलेल्या त्या यात्रा मला अजून स्वच्छ आठवतात.

पहिला खांदा रतनबाईच्या घरचा. पालखीचा पुढचा उजवा दांडा त्या घरानं उचलल्याशिवाय बाकीच्यांनी हात लावायचा नाही, अशी रीत. गेल्या दिवाळीत रतनबाईचा नवरा वारला. मुलगा आधीच गेलेला. घरात उरल्या दोघी, रतनबाई आणि कॉलेजात जाणारी नात पिंकी. मान खंडला, असं लोक धरून चालले होते. रतनबाई बैठकीत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “खांदा आमच्या घरचा हाय. घरात जे माणूस हाय ते दील. पिंकी दील.”

सगळे वाळवीच्या चर्चेत गुंतलेले असल्यामुळे याला कुणी हरकत घेतली नाही. फक्त बाजीरावानं मान खाली घालून नखं पाहिली. बाजीरावाकडे दुसरा मान, नारळाचा. पहिलं घराणं संपलं की दुसरं वर सरकतं, हे त्याला शाळेत असल्यापासून पाठ होतं.

कमिटीचे अध्यक्ष हौशीराम आबा दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर आले. “बाई, तुमच्या बहिनीचा नातू त्ये मोबाइलातलं करतो म्हनं.”

तळेगावला माझी बहीण वासंती राहते. तिचा नातू सुश्रुत हिंजवडीला मोठ्या कंपनीत आहे. रविवारी तो आला, फळ्याचा फोटो काढला आणि बराच वेळ दुःखी चेहऱ्यानं त्याकडे बघत बसला.

“आजी, यात शब्द फार आहेत.”

“आठ ओळी आहेत, बाळा.”

“हो, पण प्रत्येक ओळ स्वतःची ओळख करून देतेय. मी पहिला खांदा, मी नारळ, मी दिवटी. वेब पेजही पूर्वी असंच लिहायचे. हे शीर्षक, ही क्रमवार यादी, हे बटण. आता एवढं सांगत कोण बसतं? काय आहे ते सांगायचंच नाही. कुठे आहे ते सांगायचं. चौकट, चौकटीत चौकट, आडवी ओळ, उभी रास आणि मध्ये मोकळी जागा. संपलं.”

“आणि चौकटीत काय आहे ते?”

“बघणाऱ्याला दिसतंच ना.”

“ज्याला दिसत नाही त्याला?”

सुश्रुतनं प्रामाणिकपणे विचार केला. मग म्हणाला, “तो आपला टार्गेट युजर नाही, आजी.”

कामाला सुरुवात झाली. आधी एक, दोन, तीन हे आकडे गेले. जो वर आहे तो पहिला हे उघड आहे, मग आकड्यानं डोळ्याला त्रास कशाला? मग ‘मान’ हा शब्द गेला, कारण तो आठ वेळा येत होता. मग खांदा, नारळ, दिवटी यांच्या जागी छोटी चित्रं आली. नारळाचं चित्र बॉम्बसारखं दिसतं असं वल्लरी म्हणाली. वल्लरी म्हणजे त्याच्या ऑफिसातली मुलगी. तेव्हा चित्रंही गेली. घराण्यांची नावं वळणदार अक्षरांत काढून फोटोवरच चिकटवली. शेवटी उरले आठ फोटो, आठ चौकटींत, भोवती भरपूर पांढरी जागा. कमिटीनं पाहिलं आणि एकमुखानं “क्लीन” म्हटलं. एवढी स्वच्छता गावानं ग्रामस्वच्छता अभियानातही पाहिली नव्हती.

वेबसाइट गुढीपाडव्याला सुरू झाली. त्याच संध्याकाळी बाजीराव रतनबाईच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

“वहिनी, बघा. पयला मी हाय.” त्यानं मोठा थोरला मोबाइल आडवा धरला होता. वर डावीकडे बाजीराव, आपल्या नव्या गाडीला टेकून उभा. रतनबाईचा पासपोर्ट फोटो खालच्या कोपऱ्यात.

पिंकीनं आपला जुना, तडा गेलेला मोबाइल काढला. “काका, कायतरीच काय! हितं आजी पयली हाय. तुमी पार खाली हायसा.”

“तुजा मोबाइल फुटलाय.”

“तुमचा वाकडा धरलाय.”

पिंकीनं आपला मोबाइल आडवा केला. आजी खाली गेली. बाजीरावानं आपला उभा केला. बाजीराव खाली गेला. दोघांनी घाबरून मोबाइल पुन्हा होते तसे केले. रात्रीपर्यंत गावात उभे आणि आडवे असे दोन पक्ष पडले. सख्खे भाऊ एका ताटात जेवत होते, पण मोबाइल वेगळे धरत होते.

तातडीची बैठक झाली. सुश्रुतला फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्यानं समजावलं की यात बिघाड काही नाही. स्क्रीन रुंद असेल तर रुंद फोटो वर जातो आणि छोटे उरलेल्या फटी भरतात. स्क्रीन अरुंद असेल तर रुंद फोटो मावत नाही, म्हणून खाली जातो. “सगळं आपोआप होतं,” तो अभिमानानं म्हणाला.

“आपोआप व्हय,” हौशीराम आबा म्हणाले. “पन पयला कोन?”

“ते स्क्रीनवर अवलंबून आहे, आबा.”

आबांनी यावर मान हलवली. अध्यक्ष या नात्यानं त्यांनाही साइट पाहणं भाग होतं, पण मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं. त्यांच्या नातवानं मोबाइल बोलता करून दिला होता, स्क्रीनवर बोट फिरवलं की तो वाचून दाखवतो. आबांनी भर बैठकीत बोट फिरवलं. मोबाइल बाईच्या आवाजात बोलला, “चित्र, लेबल नाही. चित्र, लेबल नाही. चित्र, लेबल नाही.”

“आठ मानकरी आन एकालाबी नाव न्हाई?” आबा चिडले. “ही बया कुनाच्या घरची हाय? हिला गावातलं कोनच ठावं न्हाई!”

मी उठून म्हटलं, “हौशीराम, आठही मान मला क्रमानं पाठ आहेत. सांगते, लिहून घ्या. आणि सुश्रुत, तू ती साधी क्रमवार यादी करून टाक. एकच्या पुढे एक, दोनच्या पुढे दोन. फोन उलटा धरला तरी एकचा दोन होणार नाही.”

“आजी, यादी केली तर आकडे येतील,” स्पीकरमधून आवाज आला.

“यावेत म्हणूनच सांगतेय.”

“पण आता सगळं चौकटींवर उभं आहे. यादी करायची म्हणजे पायापासून पाडावं लागेल.”

पाडण्याचा विषय निघताच कमिटी सावध झाली. बाजीराव उठला, माझ्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाला, “बाई, तुमची आठवन पक्की हाय. पन अधिकृत न्हाई.”

त्यावर पुढील ठराव झाले. वेबसाइटवर दिसेल तोच क्रम ग्राह्य धरण्यात येईल. तोंडी माहिती, मग ती कितीही खरी असली तरी, ग्राह्य धरण्यात येणार नाही. मोबाइल कसा धरावा याबाबत वाद होऊ नये म्हणून सभामंडपात एक मोठा टीव्ही लावण्यात येईल आणि यात्रेच्या दिवशी दुपारी त्यावर जो क्रम दिसेल तो अंतिम राहील. टीव्हीला कोणी आडवे-उभे करू नये. फोटो कोणता द्यावा हे प्रत्येक घराण्याने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे.

हा शेवटचा ठराव निरुपद्रवी वाटला होता. पण रुंद फोटो वर जातो हे आता गावभर झालं होतं.

पूर्वी यात्रेआधी लोक देऊळ सारवायचे, दिवटीच्या चिंध्या तेलात भिजत घालायचे. यंदा सगळं गाव आडवे फोटो काढण्यात गुंतलं. दिवटीवाल्यांनी ट्रॅक्टरला ट्रॉली आणि ट्रॉलीला आणखी एक ट्रॉली जोडली. शिंगवाल्यांनी परंदवडीहून पाहुणे बोलावून सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. बाजीरावानं एक जेसीबी मागवला आणि त्याचा हात पूर्ण लांबवून त्याखाली स्वतः उभा राहिला. इतका रुंद फोटो तालुक्यात झाला नसेल.

रतनबाई माझ्याकडे आली. “बाई, मी काय करू? माज्याकडं हाय काय रुंद?”

पिंकी मागेच होती. “आजी, मी सांगते तसं कर. तू बांधावर आडवी नीज. मी लांबून काढते.”

“आगं, मेल्यावर निजनारच हाय की आडवी! तवा काढ फोटू!”

“मग म्हशी घेऊ.”

“म्हशींचा काय संबंद?”

“रुंदीचा,” पिंकी म्हणाली. ही मुलगी गणितात माझ्या हाताखाली असती तर मी तिला शाबासकी दिली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाताच्या मोकळ्या खाचरात रतनबाई उभी राहिली. तिच्या शेजारी एक म्हैस, त्या म्हशीच्या शेपटीमागे दुसरी, मग शेजाऱ्यांच्या दोन, मग पेंढ्याची गंजी आणि गंजीला बांधलेली शेळी. पिंकी मागे मागे जात कालव्यापर्यंत गेली. फोटो फार रुंद आला. त्यात रतनबाई मुंगीएवढी होती, म्हशी मात्र ओळखू येत होत्या.

यात्रेच्या दिवशी दुपारी टीव्ही लावला. वर डावीकडे पहिल्या चौकटीत रतनबाईचं घराणं! तिच्या शेजारी बाजीरावाचा जेसीबी.

“ही म्हस हाय!” बाजीराव ओरडला. “गावचा पयला मान म्हशीला?”

आबांनी ठरावाची आठवण करून दिली. ठरावात दिसेल त्या क्रमाचा उल्लेख होता, म्हशीचा नव्हता. रतनबाईनं पदरानं डोळे पुसले. पिंकीनं नवा कुर्ता घातला होता, त्यावर आजोबांचा फेटा बांधला. मला वाटलं, चला, कसंही असो, खांदा राहिला.

पण चौकटींचं काम अजून संपलं नव्हतं. पालखीभोवती कोणी कुठे उभं राहायचं हेही पूर्वी फळ्यावरच्या शब्दांवरून ठरायचं. आता शब्दच नव्हते. तेव्हा सुश्रुतनं टीव्हीवरचीच मांडणी मोठी करून पाठवली आणि कमिटीनं ती देवळासमोर चुन्याच्या फक्कीनं आखली. वरच्या ओळीतल्या चौकटी पालखीपुढे, बाकीच्या मागे. कुणाच्या हातात काय द्यायचं हे चौकटींत लिहिलेलं नव्हतं, म्हणून हाताला लागेल ते दिलं गेलं. शिंग फुंकणाऱ्यांच्या हाती चवरी आली. अब्दागिरीवाल्यांना शिंग मिळालं, त्यांनी ते काळजीपूर्वक डोक्यावर धरलं.

“दोन चौकटींमध्ये मोकळी जागा हवीच,” सुश्रुतनं बजावलं होतं. “मोकळी जागा गेली की डिझाइन मेलं.” म्हणून मोकळी जागाही मापानं सोडली होती.

संध्याकाळी ढोल वाजायला लागले. पालखी बाहेर आणून घडवंचीवर ठेवली. पिंकी पहिल्या चौकटीत उभी राहिली, म्हणजे पुढच्या डाव्या दांड्याशी. दुसऱ्या चौकटीत बाजीराव, पालखीपासून हातभर पलीकडे, हवेत खांदा पुढे करून. दोघांच्या मध्ये डिझाइनची मोकळी जागा. आणि पुढचा उजवा दांडा बरोबर त्या मोकळ्या जागेत.

रतनबाई पायरीवरून ओरडली, “पिंके, उजवा! आपला उजवा हाय!”

“आजी, आपली चौकट ही हाय!”

“चौकट गेली खड्ड्यात! खांदा तितं हाय, दिसत न्हाई व्हय तुला?”

पिंकीला दिसत होतं. दोन पावलांवर रिकामा दांडा होता. तिनं एक पाय उचलला, फक्कीच्या रेषेवर धरला.

“रेघ वलांडली!” बाजीराव गरजला. “आबा, लिव्हून घ्या! चौकट सोडली की मान सोडला!”

पिंकीनं पाय मागे घेतला. ती रडवेली होऊन कधी आजीकडे, कधी रेषेकडे बघत राहिली. आबा मोबाइलवर बोट फिरवत राहिले, काही मार्ग निघतो का म्हणून. “चित्र, लेबल नाही,” मोबाइलनं सांगितलं. मी पायरीवरून जमेल तेवढ्या मोठ्यानं पुकारलं, “पहिला खांदा, उजवा, रतनबाईचं घर!” पण आता ढोलांच्या जोडीला डीजेही होता, आणि माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तेव्हाचे विद्यार्थी आता म्हातारे झाले.

इतक्यात गर्दीतून एक पाहुणा पुढे आला. अर्ध्या चड्डीत, गॉगल डोक्यावर, हातात काठीला लावलेला मोबाइल. मळवलीला बंगला घेऊन शनिवार-रविवारसाठी आला होता म्हणे, कुणीतरी त्याला यात्रा बघायला पाठवलं.

“एक्सक्यूज मी,” तो अतिशय सभ्यपणे म्हणाला, “इथे कुणी उभं आहे का?”

कमिटीनं नकाशा पाहिला. “न्हाई. ही मोकळी जागा हाय.”

“मग मी एक मिनिट उभा राहू? फक्त फोटोपुरता.”

मोकळ्या जागेत कोणी उभं राहू नये असा ठराव नव्हता. आबांनी त्याला चपला काढायला सांगितल्या. त्यानं त्या काढल्या, दांडा खांद्यावर घेतला आणि काठी पुढे धरून हसला. उजवा खांदा लागला हे बघून मागच्यांनी सवयीनं पालखी उचलली. गुलाल उधळला. “भैरोबाच्या नावानं चांगभलं” झालं. अशा रीतीनं यंदाचा पहिला खांदा, कितीतरी पिढ्या एका घरात असलेला, रीतसर आणि ठरावाला धरून लागला.

रतनबाई पायऱ्या उतरून खाली आली. पिंकीचा हात धरून तिला चौकटीबाहेर काढलं आणि दोघी घराकडे निघाल्या. ढोल त्यांच्या विरुद्ध दिशेला गेले. बाजीराव रात्रभर आपल्या चौकटीत बसून राहिला असं म्हणतात. ती सोडली तर दुसराही मान जाईल, अशी त्याला भीती होती.

पाहुण्याचा फोटो सुश्रुतनं दुसऱ्या दिवशी साइटवर सगळ्यात वर लावला. खाली एकच ओळ, ‘यात्रा उत्साहात संपन्न’. चौकटीत नीट बसावा म्हणून तो दोन्ही बाजूंनी आणि मागून थोडा कापावा लागला, असं तो मला म्हणाला. डावीकडे पिंकी होती, ती गेली. मागे पालखी होती, तीही गेली. आता फोटोत एक हसरा माणूस आहे आणि त्याच्या खांद्यावर लाकडाचा एक तुकडा.

फोटो फार गाजला. पुण्यातून, मुंबईतून, परदेशातून माणसांनी अंगठे दिले, हात जोडले, “आपली संस्कृती” असं लिहिलं. मी हल्ली रिकामीच असते, चष्मा लावून सगळी नावं एकेक करून वाचली. या लाकडाच्या मागे काय आहे, असं एकानंही विचारलेलं नाही. तुमचा अंगठा मला सापडला. छान दिलाय.